फिनलंडच्या पाण्यातील सूक्ष्म शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया: नमुना घेण्यापासून ओळख पटेपर्यंत

जुलै महिन्यात फिनलंडच्या आखातात किंवा आतल्या भागातील एखाद्या तळ्यात पाण्यावर हिरवा थर दिसला, की बहुतेक जण आधी मोबाइलवर छायाचित्र काढतात, ते एखाद्या चित्रसंग्रहाशी ताडून पाहतात आणि सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या चित्राखालचे नाव नमुन्याला देऊन टाकतात. सूक्ष्मदर्शक वापरणारेही पुष्कळदा याच वाटेने जातात. सुरुवात नावापासून झाली की पुढचे निरीक्षण त्या नावाला पुरावा शोधण्यापुरते उरते, आणि मग पाइनचे पराग, हिरव्या शैवालाचे धागे आणि यकृताला घातक असे विष तयार करणारे सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर वाढणारे, शैवालासारखे दिसणारे जिवाणू) यांची सरमिसळ होते. हेलसिंकी, एस्पो, तुर्कू या भागांत राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन पाण्यात उतरणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही सरमिसळ धोक्याची आहे. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. नावाचा टप्पा मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे.

तयारी

रुंद तोंडाच्या स्वच्छ पारदर्शक बाटल्या, पाण्यात न पुसणारी पेन्सिल, वही, रबरी हातमोजे, पाण्याचा थर्मामीटर, एक लांब काठी आणि काचेचा साधा ग्लास एवढे साहित्य काठावर पुरते. घरी ४, १०, २० आणि ४० पट वस्तुभिंगांचा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, कव्हर स्लिप, ड्रॉपर, नेत्रिकेत बसणारी मोजपट्टी आणि नमुना टिकवण्यासाठी ल्यूगोलचे आयोडीन द्रावण हवे. १०० पट तैलभिंग नसले तरी या लेखातील जवळजवळ सर्व काम होते. प्लँक्टनची (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म सजीव गाळण्याची) बारीक जाळी, म्हणजे सुमारे १० ते २५ मायक्रोमीटर छिद्रांची, उपयोगी पडते, पण ती अनिवार्य नाही.

नेत्रिकेतील मोजपट्टी मात्र टाळू नये. उत्तरेच्या पाण्यातील अनेक प्रजाती आकाराने एकमेकींसारख्या असतात आणि त्यांच्यातील फरक पेशींच्या रुंदीत असतो. मोजमापाशिवाय काढलेले सुंदर छायाचित्र ओळखीच्या दृष्टीने अपुरेच राहते.

टप्पा १: मोजपट्टीचे अंशांकन

हे काम नमुना आणण्यापूर्वीच उरकून घ्यावे, कारण जिवंत नमुना वाट पाहत नाही. नेत्रिकेतील पट्टीवरच्या रेघांना स्वतःचे माप नसते. प्रत्येक वस्तुभिंगासाठी ते वेगळे काढावे लागते. एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली प्रमाण काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी. तिचा एक भाग १० मायक्रोमीटरचा असतो. ४० पट भिंगाखाली नेत्रिकेतील १०० भाग प्रमाणपट्टीच्या २५ भागांवर, म्हणजे २५० मायक्रोमीटरवर, बसत असतील, तर नेत्रिकेतील एक भाग २.५ मायक्रोमीटरचा झाला. सर्व भिंगांची अशी मापे कागदावर लिहून तो कागद सूक्ष्मदर्शकालाच चिकटवून ठेवावा.

पडताळणी: १० पट भिंगाखालचे माप ४० पट भिंगाखालच्या मापाच्या सुमारे चौपट आले पाहिजे. तसे येत नसेल, तर रेघा पुन्हा जुळवाव्यात.

टप्पा २: स्थळ, वेळ आणि ऋतू यांची नोंद

पाणी समुद्राचे आहे की तळ्याचे, ही पहिली नोंद. बाल्टिक हा निमखारा समुद्र आहे. महासागराच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात, तर हेलसिंकीच्या किनाऱ्यावरील पृष्ठभागाच्या पाण्यात साधारण ५ ते ६ भागच असतात. त्यामुळे तिथे गोड्या पाण्यातील काही प्रजाती आणि निमखाऱ्या पाण्याच्या खास प्रजाती एकत्र आढळतात. नोड्युलेरिया स्पुमिजेना ही सायनोबॅक्टेरियाची प्रजाती बाल्टिकची ठळक रहिवासी आहे. ती आतल्या गोड्या तळ्यातून आणलेल्या नमुन्यात 'सापडली' असे वाटले, तर आधी निरीक्षणावर शंका घ्यावी.

दुसरी नोंद ऋतूची. बर्फ वितळल्यानंतरच्या वसंतातील बहरात बाल्टिकमध्ये डायटम (ताठ कवचाचे शैवाल) आणि डायनोफ्लॅजेलेट (गिरक्या घेत पोहणारे एकपेशीय सजीव) यांचे प्राबल्य असते, त्यामुळे पाणी तपकिरी छटेचे दिसते. सायनोबॅक्टेरियाचे मोठे थर मुख्यतः जुलै आणि ऑगस्टमध्ये, पाणी तापल्यावर आणि वारा पडल्यावर वर येतात. हिवाळ्यातही निश्चिंत राहू नये: काही तळ्यांत प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स ही सायनोबॅक्टेरियाची प्रजाती बर्फाखाली वाढते आणि बर्फाला किंवा त्यावरच्या पाण्याला लालसर-जांभळी छटा देते.

तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचे तापमान, वाऱ्याची दिशा आणि जोर या गोष्टी जागेवरच लिहाव्यात. वारा ज्या किनाऱ्याकडे वाहत असतो तिथे थर साठतो. अशा एका कोपऱ्यातील दाट थरावरून संपूर्ण खाडीच्या स्थितीचा निष्कर्ष काढणे ही वारंवार होणारी चूक आहे.

टप्पा ३: काठावरच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी काठीची. थरात काठी घालून हलकेच उचलावी. काठीला लांब, ओल्या केसांसारखे धागे लटकले तर ते बहुधा धाग्यांचे हिरवे शैवाल असते. थर काठीवर न अडकता बारीक कणांत विखुरला तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता वाढते.

दुसरी चाचणी ग्लासची. हातमोजे घालून ग्लासात पाणी घ्यावे आणि ते न हलवता सुमारे तासभर ठेवावे. सायनोबॅक्टेरियाच्या अनेक प्रजातींच्या पेशींत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे पेशी हलक्या होतात आणि ग्लासात हिरवट कण वर येऊन कडे धरतात. पाणी सर्वत्र एकसारखे हिरवे किंवा तपकिरी राहिले, तर दुसऱ्या एखाद्या गटाची शक्यता अधिक असते.

सावधान: या चाचण्यांनी फक्त दिशा कळते. पाइनचे परागही तरंगतात आणि विखुरतात. दक्षिण फिनलंडमध्ये मेअखेरीपासून जूनमध्ये ते पाण्यावर पिवळे पट्टे तयार करतात आणि पुढे किनाऱ्यावर त्यांचा पिवळसर थर बसतो. बोट्रिओकॉकस हे तेल साठवणारे हिरवे शैवालही याच प्रकारे वर येते. उलट, समुद्रावर नुकताच जोराचा वारा होऊन गेला असेल, तर सायनोबॅक्टेरिया पाण्यात खोलवर मिसळलेले असतात आणि ग्लासातही ते सावकाश वर येतात.

किनाऱ्यावर निळसर, रंग सांडल्यासारखा पट्टा दिसला तर तोही नोंदवावा. सायनोबॅक्टेरिया मरून फुटल्यावर त्यांच्यातील निळे रंगद्रव्य बाहेर पडते, त्याची ही खूण असते. अशा जुन्या थरातून नमुना घेऊ नये, कारण त्यात ओळखण्याजोग्या पेशी फारशा उरलेल्या नसतात.

टप्पा ४: नमुना घेणे आणि नेणे

प्रत्येक ठिकाणी दोन नमुने घ्यावेत: एक पृष्ठभागावरच्या थराचा आणि एक थराच्या खालच्या, सुमारे हातभर खोलीवरच्या पाण्याचा. फक्त थर घेतल्यास तरंगणाऱ्या प्रजातीच हाती लागतात आणि पाण्यात पोहणारे डायनोफ्लॅजेलेट, क्रिप्टोफाइट यांसारखे सजीव सुटतात. जाळीने गाळलेला नमुना घेतल्यास तिसरी बाटली वेगळी ठेवावी आणि तिच्यावर 'जाळी' असे स्पष्ट लिहावे. जाळी मोठ्या प्रजाती गोळा करते आणि लहान सोडून देते, म्हणून त्या नमुन्यावरून प्रमाण काढता येत नाही.

जिवंत नमुन्याची बाटली काठोकाठ भरू नये. वर हवेला जागा ठेवावी. ती थंड आणि अंधाऱ्या जागी न्यावी, गाडीत उन्हात ठेवू नये, आणि शक्यतो त्याच दिवशी पाहावी. नमुना गोठवला तर पेशी फुटतात. त्याच पाण्याची आणखी एक १०० मिलिलिटरची बाटली घेऊन तीत सुमारे अर्धा मिलिलिटर ल्यूगोल द्रावण घालावे. पाण्याला फिक्या चहासारखा रंग आला म्हणजे प्रमाण ठीक आहे. ही बाटली अंधारात ठेवावी आणि रंग उडू लागला तर थोडे द्रावण पुन्हा घालावे.

सावधान: दाट थर हाताळताना हातमोजे काढू नयेत आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवावेत. नमुन्याच्या बाटल्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये अन्नाशेजारी ठेवू नयेत.

टप्पा ५: जिवंत थेंब, कमी वर्धनापासून

ल्यूगोल घातलेली बाटली बाजूला ठेवून आधी जिवंत नमुना पाहावा. याचे कारण व्यावहारिक आहे. रंग, हालचाल आणि नाजूक पेशींचा मूळ आकार फक्त जिवंत थेंबात दिसतो. फिनलंड आणि स्वीडनच्या तपकिरी पाण्याच्या वनतळ्यांत गोनिओस्टोमम सेमेन हे मोठ्या पेशींचे शैवाल खूप वाढते, आणि त्यामुळे पोहणाऱ्यांच्या अंगाला चिकट थर लागून खाज सुटते. त्याच्या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात किंवा दिव्याच्या उष्णतेत बिघडतात आणि फुटतात. जिवंत पाहिले नाही, तर नमुन्यात त्याची खूणही राहत नाही.

बाटली न झटकता दोन-तीनदा सावकाश उलटीसुलटी करावी, ड्रॉपरने एक थेंब काचपट्टीवर ठेवावा आणि प्रथम कव्हर स्लिपशिवाय ४ पट भिंगाखाली पाहावा. वसाहतीचा पूर्ण आकार याच वेळी कळतो. अफॅनिझोमेनॉन या सायनोबॅक्टेरियाचे धागे एकमेकांना समांतर चिकटून बारीक काडीसारख्या जुड्या बनवतात, आणि त्या नुसत्या डोळ्यांनीही कापलेल्या गवताच्या तुकड्यांसारख्या दिसतात. कव्हर स्लिप दाबून बसवली की त्या जुड्या सुटतात आणि ओळखीची एक मोठी खूण नाहीशी होते. ग्लिओट्रिकिया या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाचे एक-दोन मिलिमीटरचे गोळेही असेच दाबले जाऊन फुटतात.

यानंतर कव्हर स्लिप एका कडेने टेकवून अलगद खाली सोडावी आणि १०, २०, ४० असे वर्धन वाढवत जावे. थेट ४० पट भिंगावर जाणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. तिथे पेशी दिसतात, पण त्या कोणत्या रचनेचा भाग आहेत हे समजत नाही. दिवा मंद ठेवावा आणि कंडेन्सरचे (काचपट्टीखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचे) छिद्र थोडे आवळावे, म्हणजे पारदर्शक चिकट आवरणाच्या कडा दिसतील.

टप्पा ६: आधी गट ठरवा

प्रजातीकडे जाण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. पेशीत रंग ठरावीक हरितलवकांत बंदिस्त आहे की संपूर्ण पेशीभर पसरलेला आहे? सायनोबॅक्टेरियात केंद्रक आणि हरितलवके नसतात, त्यामुळे रंग निळसर-हिरवा ते शेवाळी आणि पेशीभर सारखा दिसतो. वायूच्या पोकळ्या असल्यास फोकस बदलताना पेशीत काळसर-लालसर ठिपके उजळतात आणि मावळतात. पेशीला ताठ, नक्षीदार कवच आणि आत सोनेरी-तपकिरी लवके असतील तर तो डायटम. अ‍ॅस्टेरिओनेलाच्या ताऱ्यासारख्या वसाहती आणि टॅबेलारियाच्या नागमोडी साखळ्या तळ्यांत वारंवार भेटतात. पेशी स्वतः गिरक्या घेत पोहत असेल आणि तिच्या कंबरेभोवती खाच असेल तर तो डायनोफ्लॅजेलेट. गवती हिरवा रंग आणि स्पष्ट लवके असतील तर हिरवे शैवाल.

परागकण एका नजरेत ओळखता येतात. पाइनच्या परागाला दोन्ही बाजूंना हवेच्या दोन फुगीर पिशव्या असतात आणि तो सायनोबॅक्टेरियाच्या पेशींहून कितीतरी मोठा असतो.

पडताळणी: ल्यूगोल घातलेल्या नमुन्याचा थेंब आता पाहावा. हिरव्या शैवालातील स्टार्च आयोडीनने निळसर-काळा होतो. सायनोबॅक्टेरियाच्या पेशी पिवळ्या-तपकिरी राहतात. दोन्ही थेंबांचा निष्कर्ष जुळत नसेल, तर पुढे जाऊ नये.

टप्पा ७: सायनोबॅक्टेरियाची बारकाईने ओळख

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि तो वेळ द्यायलाच हवा. धागा असेल तर चार गोष्टी पाहायच्या: पेशींचा आकार, पेशींची रुंदी, हेटेरोसिस्टची जागा आणि अकाइनीटची जागा. हेटेरोसिस्ट म्हणजे हवेतील नायट्रोजन स्थिर करणारी जाड भिंतीची, फिकट, वायूच्या पोकळ्या नसलेली पेशी. अकाइनीट म्हणजे प्रतिकूल काळ काढण्यासाठी बनणारी मोठी, दाणेदार, साठ्याने भरलेली पेशी. या दोन्हींची गल्लत फार होते. फिकट आणि रिकामी दिसणारी ती हेटेरोसिस्ट, गडद आणि भरलेली ती अकाइनीट, ही खूण पक्की ठेवावी.

नोड्युलेरियाच्या पेशी रचून ठेवलेल्या नाण्यांसारख्या, लांबीपेक्षा कितीतरी अधिक रुंद असतात, आणि हेटेरोसिस्टही तशाच चपट्या असून धाग्यात बऱ्यापैकी नियमित अंतरावर येतात. धागा सरळ, वाकडा किंवा वेटोळ्याचा असू शकतो. वेटोळे पाहून लोणारच्या पाण्यातील अर्थ्रोस्पायरा आठवणाऱ्यांनी हेटेरोसिस्ट शोधाव्यात. अर्थ्रोस्पायरात त्या नसतात. नोड्युलेरिया स्पुमिजेना नोड्युलॅरिन हे यकृताला इजा करणारे विष तयार करते, त्यामुळे बाल्टिकच्या नमुन्यात तिची खात्री करणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

अफॅनिझोमेनॉनच्या पेशी दंडगोलाकार आणि बारीक असतात, धाग्याच्या टोकाच्या पेशी लांबट आणि जवळजवळ रंगहीन होत जातात, आणि हेटेरोसिस्ट धाग्यात मोजक्याच असतात. टोके पाहिल्याशिवाय हे नाव लिहू नये, कारण तुटलेल्या धाग्याचे टोक सामान्य पेशीचेच असते. म्हणून अनेक धागे तपासावेत. बाल्टिकमधील अफॅनिझोमेनॉन विषारी मानले जात नाही, पण ते बहुधा नोड्युलेरियाच्या सोबतीनेच थरात असते. जुड्या दिसल्या म्हणून थर सुरक्षित आहे असे मानणे ही गंभीर चूक आहे.

डोलिकोस्पर्मम मण्यांच्या माळेसारखे दिसते. जुन्या पुस्तकांत हे अ‍ॅनाबीना या नावाखाली मिळेल. पाण्यात तरंगणाऱ्या आणि वायूच्या पोकळ्या असलेल्या प्रजाती २००९ मध्ये या वेगळ्या वंशात नेण्यात आल्या. इथे प्रजात ठरते ती बहुतांशी अकाइनीटच्या आकारावरून आणि ते हेटेरोसिस्टला लागून आहेत की दूर यावरून. अकाइनीट नसलेला कोवळा धागा मिळाला, तर वंशाच्या नावावर थांबणेच योग्य.

धाग्यात हेटेरोसिस्ट एकही नसेल, तर प्लँक्टोथ्रिक्सचा विचार करावा, पण त्याआधी निदान वीस-पंचवीस धागे पूर्ण लांबीपर्यंत पाहावेत. नायट्रोजन भरपूर असलेल्या पाण्यात हेटेरोसिस्ट कमी बनतात आणि एखाद्या धाग्यात त्या न दिसणे हे नसल्याचे प्रमाण ठरत नाही.

धागा नसून वसाहत असेल, तर पेशींची मांडणी पाहावी. मायक्रोसिस्टिसमध्ये गोल, काळसर दिसणाऱ्या पेशी पारदर्शक चिकट आवरणात दाटीवाटीने आणि कोणत्याही क्रमाविना असतात. वोरोनिकिनियात पेशी वसाहतीच्या कडेला केंद्राकडून बाहेर तोंड केल्यासारख्या रांगेत बसतात आणि मधला भाग तुलनेने मोकळा राहतो. फोकस वसाहतीच्या वरच्या पातळीवर असेल तर हा फरक दिसत नाही. तो मध्यावर आणावा लागतो.

प्रत्येक नमुन्यात किमान दहा पेशींची लांबी-रुंदी मोजून किमान, कमाल आणि बहुतेकांची अशी तीन मापे लिहावीत. मापे जिवंत पेशींची आहेत की ल्यूगोलमधल्या, हेही नोंदवावे, कारण टिकवलेल्या पेशींचे आकारमान बदलते.

टप्पा ८: पुराव्याइतकेच नाव

आता नाव. वंशाच्या सर्व खुणा दिसल्या असतील तर वंश लिहावा. प्रजातीच्या खुणा आणि मापे दोन्ही जुळली असतील तरच प्रजात. 'डोलिकोस्पर्मम, प्रजात अनिश्चित' ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे आणि तज्ज्ञांच्या नोंदीही कित्येकदा अशाच असतात. दोन मायक्रोमीटरपेक्षा लहान सायनोबॅक्टेरिया बाल्टिकमध्ये विपुल असतात, पण घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना नाव देण्याचा प्रयत्न करू नये.

सावधान: सूक्ष्मदर्शकाने विष कळत नाही. एकाच प्रजातीचे विष बनवणारे आणि न बनवणारे प्रकार एकसारखेच दिसतात. म्हणून सायनोबॅक्टेरियाचा थर आढळला, की नाव काहीही निघो, मुलांना आणि कुत्र्यांना त्या पाण्यापासून दूर ठेवावे. ते पाणी उकळल्याने विष नष्ट होत नाही, आणि मोक्कीवर (सुट्टीच्या छोट्या घरी) सौनाच्या, म्हणजे बाष्पस्नानाच्या खोलीतील, तापलेल्या दगडांवर ओतण्यासाठीही ते वापरू नये, कारण वाफेबरोबर ते श्वासात जाते.

टप्पा ९: नोंद कळवणे

फिनलंडमध्ये सायनोबॅक्टेरियाचे देशव्यापी निरीक्षण १९९८ पासून चालू आहे. फिनिश पर्यावरण संस्था त्याचे उन्हाळी आढावे देते, आणि नागरिकांच्या नोंदीही स्वीकारल्या जातात. प्रमाणासाठी ० ते ३ अशी श्रेणी वापरली जाते: ० म्हणजे आढळले नाही, १ म्हणजे थोडे, २ म्हणजे भरपूर, ३ म्हणजे अतिशय भरपूर. ही श्रेणी काठावर डोळ्यांनी जे दिसले त्यावरून द्यायची असते. सूक्ष्मदर्शकाखाली चार धागे सापडले म्हणून ० चे १ करू नये. काहीही न आढळल्याची नोंदही तितकीच मोलाची आहे आणि ती जरूर पाठवावी, कारण स्वच्छ दिवसांच्या नोंदी नसतील तर बहर केव्हा सुरू झाला हे कोणालाच सांगता येत नाही.

छायाचित्रे जोडताना वसाहतीचे कमी वर्धनातील एक, पेशींचे जास्त वर्धनातील एक आणि दोन्हींवर मापाची रेघ, एवढे असावे. ल्यूगोल घातलेली बाटली तारीख आणि ठिकाण लिहून नोंदीची शहानिशा होईपर्यंत अंधारात जपून ठेवावी.